प्रबंधापुरतं लग्न, तेही त्याच बायकोशी

भिवंडी,
सोमवार, १० मार्च २००८

ती. आनंदीताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे प्रभाकरचा, साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा दुमडत नसल्यामुळे तूर्त अर्धाच घालतो आहे, उरलेला समक्ष.) इकडे मी आणि सरोजिनी ठीक आहोत. तुझी कंबर, भावोजींची साखर आणि नाशिकची थंडी या तिन्ही गोष्टी आटोक्यात असतील अशी आशा करतो. हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तीन फेब्रुवारीला तू फोनवर एकच वाक्य बोललीस, बासष्टाव्या वर्षी लाज नाही का वाटली म्हणून, आणि रिसीव्हर आपटलास. वाटली होती, थोडी वाटली होती, एवढं सांगायलाही तू थांबली नाहीस. तेव्हापासून पाच आठवडे तुझ्याकडे फोन नुसता वाजतो आहे. तेव्हा पत्र लिहितो. फाडायचं असेल तर निदान या पानाच्या शेवटापर्यंत वाचून फाड. मी लग्न केलं हे खरं आहे. पण नवरी सरोजिनीच आहे. तीच, बहात्तर सालची.

आता हे असं का झालं ते सांगायचं तर माझ्या विद्यार्थिदशेपासून सुरुवात करावी लागेल. रिटायर झाल्यावर लोक बागेत जातात, मी पीएच.डी.ला गेलो, हे तुला ठाऊक आहेच. (त्या वेळी तू पोस्टकार्डावर ‘कशाला?’ एवढाच शब्द लिहून पाठवला होतास. ते कार्ड मी प्रबंधात खूण म्हणून वापरतो.) कॉलेजच्या ऑफिसात चौतीस वर्षं खिडकीच्या आतून विद्यार्थी बघितले, आता खिडकीच्या बाहेरून उभा राहून कळलं की आतला माणूस दिसतो तेवढा कामात नसतो. विद्यापीठाच्या वाचनालयात माझी खिडकीजवळची जागा ठरलेली आहे. एम.ए.ची पोरं मला आधी ‘आजोबा’ म्हणायची, मग त्यांच्या लक्षात आलं की मी नोट्स देतो, तेव्हापासून ‘सर’ म्हणतात, आणि कॅन्टीनचा चहा कोणी पाजायचा हा प्रश्न आला की पुन्हा ‘आजोबा’. गेल्या वर्षी संशोधक विद्यार्थ्यांच्या चर्चासत्रात माझ्या निबंधाला दुसरा क्रमांक मिळाला. बक्षीस म्हणून पाठीवर लावायची सॅक दिली. ती लावून मी धामणकर नाक्यावर रिक्षातून उतरलो तेव्हा सरोजिनी समोरून भाजी घेऊन येत होती, तिने मला ओळख दाखवली नाही. आता त्याच सॅकमधून ती भाजी आणते.

माझ्या मार्गदर्शक डॉ. रुचिका म्हणजे नारपोलीच्या दौलतशेटांची मुलगी. वय छत्तीस. या बाईंची आणि माझी ओळख जुनी आहे. नव्वद साली ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा फॉर्म घेऊन माझ्या खिडकीशी आली होती आणि मी तो तीन वेळा परत केला होता, कारण दौलतशेटांची सही दर वेळी वेगळी यायची. (त्यांना विचारलं तर म्हणाले, माणूस रोज तोच नसतो, मग सही कशी तीच राहील.) चौथ्या वेळी मी त्यांना समोर उभं करून सही करून घेतली. आता मी त्या बाईंना ‘मॅडम’ म्हणतो आणि त्या मला ‘काका’ म्हणतात, आणि माझं प्रत्येक प्रकरण मोजून तीन वेळा परत येतं. चौथ्या वेळी त्या समोर बसवून दुरुस्त्या करून घेतात. तक्रार करायला तोंड कुठे आहे?

विषय आहे आगरी लग्नातले धवले. म्हणजे असं की, यांच्या जुन्या लग्नांत भटजी नसायचाच, धवलारीण असायची. ती हे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत जाणार आणि लग्न लागत जाणार. मांडवाचं गाणं, हळद दळायचं गाणं, तेल चढवायचं, उंबराची फांदी आणायचं, नवऱ्याला न्हाऊ घालायचं, असा क्रम. आमच्या भागातल्या अखेरच्या जाणत्या धवलारीण म्हणजे नारपोलीच्या जानकीबाई. वय ऐंशीच्या आसपास, दात चार, आवाज मात्र गोडाऊनच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. त्यांना सगळे धवले पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहेत, आणि ते सगळे सलग वीस वर्षांत कुणी त्यांच्याकडून म्हणवून घेतलेले नाहीत. हल्ली हळदीला त्यांना मानाने बोलावतात, पाटावर बसवतात, दोन धवले ऐकतात आणि मग डीजे सुरू होतो. तीन वर्षं मी टेपरेकॉर्डर घेऊन लोकांच्या लग्नांत हिंडलो. (फुकट जेवणासाठी हिंडतो असं आपल्या आळीत पसरलं होतं. ते पूर्ण खोटं नाही.) हाती आल्या सव्वीस कॅसेटी. त्यांत जानकीबाई एकूण दीड तास, बाकी सगळा डीजे.

म्हटलं, लग्नाचा नाद सोडावा, त्यांच्या घरीच बसून सगळं टेप करावं. तर घराच्या तिन्ही बाजूंना कापड विणणारे लूम. त्या खटाखटीत माणसाला स्वतःचं म्हणणंही ऐकू येत नाही. शेजारच्या कारखान्यातल्या मुकादमाला अर्धा तास लूम बंद ठेवायची विनंती केली, तो म्हणाला, ‘‘चाचा, घर में शादी है तो बोलो, बंद कर देंगे. पढ़ाई के लिए कौन बंद करता है?’’ शुक्रवारी लूम बंद, तर त्या दिवशी जानकीबाई कुणाच्या तरी हळदीला गेलेल्या. मग मी लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ केलं. दिवे गेले की सगळी भिवंडी वीज मंडळाच्या नावाने ओरडते, मी मात्र नवे सेल घातलेला टेप छातीशी धरून नारपोलीला धावत सुटायचो. असा एकदा घामाघूम होऊन त्यांच्या ओटीवर पोचलो, सगळीकडे चिडीचूप, टेप चालू केला आणि म्हटलं, बाई, म्हणा. जानकीबाईंनी तोंडातलं पान गालात सरकवलं आणि विचारलं, नवरा कुठाय? मी म्हटलं, नवरा नाही, अभ्यास आहे. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर टाकलं आहे. ‘‘धवला बोलला का लगीन लागतं, मास्तर. नवरा न्हाय, नवरी न्हाय, मंग मी लगीन कुनाचं लावू, तुमच्या त्या डब्याचं?’’

तुळशीच्या लग्नात म्हणाल का, असंही विचारून पाहिलं. नाही म्हणाल्या, तिथला नवरा देव आहे, त्याचं लग्न लावायची आपली पायरी नाही. मग मी कागदपत्रं काढली, विद्यापीठाचं पत्र दाखवलं, गोल शिक्का दाखवला. त्यांनी शिक्का बोटाने चाचपून पाहिला आणि पत्र परत दिलं. ताई, चौतीस वर्षं मी लोकांना अपुरे कागद परत दिले, पण इतक्या शांतपणे मलाही कधी जमलं नव्हतं. इकडे माझ्या नोंदणीची मुदत एकतीस मार्च दोन हजार आठला संपणार. त्या दिवसापर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, चार वर्षांचं काम पाण्यात, आणि पुन्हा नव्याने नाव घालायला माझ्या गुडघ्याकडे तेवढा अवधी नाही.

मी तिथेच ओटीवर बसून राहिलो. चेहरा पडलेला असणार, कारण जानकीबाईंनी आतून चहा मागवला आणि सहज विचारलं, तुमचं स्वतःचं लग्न कोणत्या धवलारणीने लावलं? मी सांगितलं, आमच्यात भटजी असतो, पंचवीस मिनिटांत उरकलं, कारण हॉल बाराला रिकामा करायचा होता. मांडव? नाही, हॉलच होता. उंबर? नाही. हळद? चमचाभर. बरं, घरात शिरताना बहिणीने दार तरी अडवलं का? तेही नाही, ताई, तुला आठवत असेल, तू काविळीने नाशिकला पडून होतीस आणि आम्ही दोघं आपले सरळ आत गेलो, वीज बिल भरून आल्यासारखे. जानकीबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि निकाल दिला की हे लग्न लागलेलंच नाही. ऐकून मला इतका आनंद झाला की मी कपातला चहा बशीत न ओतता तसाच प्यालो आणि जीभ भाजून घेतली.

आता नवरा मिळाला, नवरीचा प्रश्न होता. सरोजिनीला मी त्याच दिवशी विचारलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, विचार करून सांगते. मला वाटलं, गंमत करते आहे. पण तिने खरंच आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत मी स्वतःच्या चहाचा कप स्वतः धुतला, पंखा पुसला आणि तिच्या मालिका न बोलता पाहिल्या. (एकीत तर बायकोच्या मागे लागलेला म्हातारा होता, तेव्हा तिने आवाज मोठा केला.) सबंध हयातीत मला इतकी धाकधूक वाटली नव्हती. बहात्तर साली आपल्या बाबांनी तिच्या बाबांना विचारलं होतं, मी तिला विचारल्याचं मला आठवत नाही आणि तिला तर पक्कं आठवतं, की नाही. नवव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, ‘‘बरं केलंत, या वेळी मला विचारलंत. चालेल.’’ मी आमटी दोनदा मागून घेतली.

इथून पुढे सूत्रं दौलतशेटांनी हाती घेतली. त्यांची भातशेती होती तिथे आता गोडाऊनं आहेत आणि मनात आणतील ते ते करतात. पोरीच्या गुरूकडचं, म्हणजे शिष्याकडचं, म्हणजे काय असेल ते लग्न आहे, तर आपल्या दारात झालं पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, शेट, चार माणसं आणि एक टेप पुरे. त्यांनी चारशे माणसांना सांगितलं आणि धामणकर नाक्यावर फलक लावला. इथेच घोटाळा झाला. फलकासाठी माझा फोटो त्यांनी विद्यापीठाच्या ओळखपत्रावरून घेतला. सरोजिनीने फोटो द्यायला साफ नकार दिला. तर फलक छापणाऱ्या पोराने, जागा मोकळी दिसते म्हणून, त्याच्या कॉम्प्युटरात होती ती एक नवरी माझ्या शेजारी चिकटवली. वीस-बावीस वर्षांची, नथ घातलेली, माझ्याकडे बघून हसणारी. वर ‘चि. प्रभाकर यांचा शुभविवाह’ आणि खाली शुभेच्छुक म्हणून नारपोलीतली एकोणीस माणसं. तोच फलक ठाण्याच्या बँकेतून कामासाठी इकडे आलेल्या तुझ्या शार्दूलने पाहिला, मोबाइलवर टिपला आणि तुला कळवलं. पोराचा दोष नाही. मी स्वतः तो रिक्षातून पहिल्यांदा पाहिला तेव्हा क्षणभर मलाच वाटलं, हा कोण नालायक?

लग्न एक फेब्रुवारीला लागलं, मुद्दाम शुक्रवारी, कारण शुक्रवारी लूम बंद असतात आणि भिवंडीत कावळे ऐकू येतात. डीजेवाल्याला दौलतशेटांनी जेवायला बोलावलं आणि गाडीची चावी काढून घेतली. सूर्य उगवताना जानकीबाई पाटावर बसल्या, सोबतीला दोन म्हाताऱ्या, आणि सुरू झाल्या. ताई, मी तीन वर्षं त्या बाईंचे तुकडे गोळा करत होतो. सबंध बाई मी त्या दिवशी ऐकली. मांडवाला हात लागला की गाणं, जात्यात हळद पडली की गाणं, आणि प्रत्येक गाण्यात माझं नाव, सरोजिनीचं नाव, गेलेल्या आईबाबांचं नाव, तिच्या आईबाबांचं नाव. सगळ्यांना मांडवात बोलावून घेतलं. मी संशोधक म्हणून वही घेऊन बसलो होतो, पण नवऱ्याच्या हातात वही नसते म्हणून ती काढून घेण्यात आली. मला तेल लावलं, हळद लावली, पुन्हा लावली. (कानामागची अजून गेलेली नाही. विद्यापीठातल्या पोरांनी ‘सर, कावीळ?’ असं विचारलं.) टेप रुचिका मॅडम सांभाळत होत्या. एकदा कॅसेट बदलायची वेळ झाली आणि त्या तशाच बसून राहिल्या, मी पाटावरून हातवारे केले, तर डोळे पुसत होत्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नात डीजे होता. उन्हं कलेपर्यंत त्रेपन्न धवले झाले. सरोजिनी पिवळ्या साडीत मुंडावळ्या बांधून माझ्या शेजारी बसली होती आणि मला म्हणाली की ही गाणी म्हणजे कोणीतरी आपल्याकडे लक्ष दिल्यासारखं वाटतं. मी काय उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

वरात नारपोलीहून धामणकर नाक्यावरून (त्या फलकाखालून, मान खाली घालून) निजामपुऱ्यात आपल्या घरापर्यंत आली. आता उरला चोपन्नावा धवला, बहिणीने दार अडवण्याचा. हा सगळ्या धवल्यांत अवघड, सवाल-जवाबाचा, आणि कुणीच कधी टेप केलेला नाही. दौलतशेटांच्या बहिणीने, तुळजाबाईंनी, बिचारीने स्वतःहून पुढे होऊन दारात हात आडवे केले. पण जानकीबाईंनी तोंड मिटलं. सख्खी बहीण जिवंत आहे ना, मग उसनी कशाला, म्हणाल्या. नवऱ्याची बहीण येईपर्यंत गाणं नाही आणि गाणं होईपर्यंत नवरा-नवरीने या दारातून आत जायचं नाही. आम्ही अर्धा तास गल्लीत उभे राहिलो. शेवटी सरोजिनीला चहाची तल्लफ आली आणि ती मागच्या दाराने आत गेली, तिच्या मागोमाग मी. त्या दिवसापासून आज पाच आठवडे आम्ही मागच्या दाराने ये-जा करतो. पुढच्या दाराला आतून कडी आहे. दूधवाला मागून येतो, पेपरवाला मागून येतो, परवा तर जनगणनेसारखं काहीतरी विचारायला आलेला माणूस पुढे हाका मारून निघून गेला. जानकीबाई ऐकायला तयार नाहीत. बाईंच्या हट्टापुढे मी काय करणार?

तर अशी सगळी हकिगत आहे. राग गेला असेल तर कळव, नसेल तरीही कळव. भावोजींना नमस्कार. शार्दूलला आशीर्वाद, आणि तो फोटो मोबाइलमधून काढून टाकायला सांग. मोठ्या बहिणीच्या पायांशी तूर्त अर्धा, बाकी येणे असलेला,

तुझा
प्रभाकर

ता.क. १: तुझ्या लक्षात आलंच असेल, तरी स्पष्ट लिहितो. अठ्ठावीस मार्चला शुक्रवार आहे, लूम बंद. त्या दिवशी तू येऊन दार अडवलंस तर चोपन्नावा धवला टेप होईल, शनिवार-रविवारी मी तो उतरवून काढीन आणि सोमवारी, एकतीसला, शेवटच्या दिवशी प्रबंध जमा होईल. नाहीतर चार वर्षं फुकट. यात माझा स्वतःचा काही हट्ट नाही, हा निव्वळ विद्यापीठाच्या कामाचा भाग आहे.

ता.क. २: हे वरच लिहायला हवं होतं, तीन वेळा लिहून खोडलं. सत्त्याण्णव साली शार्दूलचा फॉर्म मी एका साक्षांकित प्रतीसाठी परत केला, खिडकी बंद झाली आणि त्याचं वर्ष गेलं. तू म्हणाली होतीस, तो तुझा भाचा आहे. मी म्हटलं होतं, खिडकीत भाचा नसतो. त्यानंतर तू या घरात आली नाहीस. दर वर्षी राखी येते, पोस्टाने, साध्या पाकिटात, आत चिठ्ठी नसते. नियमात मी बरोबर होतो हे अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. माझं चुकलं, ताई. प्रत मी दुसऱ्या दिवशीही घेऊ शकलो असतो.

ता.क. ३: वन्सं, नमस्कार. मी सरोजिनी. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं आणि ही जागा रिकामी होती म्हणून लिहिते. लग्नाचं सगळं खरं आहे. शेवटचं तेवढं खोटं आहे. प्रबंध यांनी गेल्या बुधवारीच विद्यापीठात दिला, पावती देवापुढे ठेवली आहे. त्या एका गाण्यावाचून काही अडत नाही असं रुचिकाने केव्हाच सांगितलं होतं. आणि जानकीबाईंनी हट्ट केलाच नाही. त्या तुळजाबाईंना दारात घेऊन गायला सुरुवातही करत होत्या. यांनीच हात वर करून थांबवलं. चारशे माणसांसमोर म्हणाले, ‘‘माझी बहीण आनंदी. दुसरी चालणार नाही.’’ आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले, म्हणून मी चहाचं निमित्त केलं. कडीही यांनीच घातली आहे. तेव्हा प्रबंधासाठी येऊ नका, यांच्यासाठी या. अठ्ठावीसपर्यंत थांबायचीही गरज नाही, जानकीबाई म्हणतात, बहीण येईल तो दिवस शुक्रवार. दारात काय मागायचं ते मात्र नीट ठरवून या, या वेळी हे काहीही द्यायला तयार आहेत.